लक्ष्मीज्ञान ते दारिद्र्यरेषा : अर्थशास्त्रज्ञाच्या व्यवसायाचा मराठी इतिहास

१. प्रास्ताविक

बंगळूरुच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड या उपनगराचा जन्मच मुळी एका आर्थिक योजनेतून झाला. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन समाजाला शेतीची वसाहत वसविण्यासाठी येथील जमीन दिली आणि त्या कामी पुढाकार घेणाऱ्या व्हाइट नावाच्या गृहस्थांवरून वसाहतीचे नाव पडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि शेताच्या बांधांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. या इमारतींतून काम करणाऱ्या मराठी तरुणांची संख्या आज लक्षणीय आहे. अभ्यागत प्राध्यापक म्हणून दक्षिणेत असताना काही काळ माझे वास्तव्य या भागात होते. शेजारच्या कुटुंबातील एक तरुण एका खाजगी कंपनीत 'इकॉनॉमिस्ट' या हुद्द्यावर होता. कोणत्या वेळी, कोणत्या ग्राहकाकडून, किती दर आकारावा याचे गणित मांडणे हे त्याचे काम. एके दिवशी त्याने मला विचारले, "सर, आमच्या आजीला माझा हुद्दा मराठीत सांगायचा तर काय सांगू? 'अर्थशास्त्रज्ञ' म्हटले की तिला दिल्लीत बसून योजना करणारा माणूस वाटतो."

प्रश्न गमतीने विचारला गेला असला तरी साहित्याच्या अभ्यासकाला तो सहज सोडून देता येण्यासारखा नव्हता. अर्थशास्त्रज्ञ नेमके काय करतो, त्याच्या कामाची कसोटी कोणती आणि तो कोणाला उत्तरदायी असतो, या प्रश्नांची उत्तरे मराठी समाजाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत वेगवेगळ्या प्रकारे दिली आहेत. आर्थिक विचारांच्या इतिहासावर आपल्याकडे मोलाचे लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याहून मर्यादित आहे. विचारांपेक्षा विचार करणाऱ्याच्या व्यवसायाकडे, आणि त्यातही त्या व्यवसायाच्या भाषेकडे, येथे लक्ष दिले आहे. या व्यवसायाची तीन अंगे आहेत असे मला वाटते : संज्ञा निश्चित करणे, त्या संज्ञेनुसार मोजणे, आणि केलेली मोजणी जाहीर वादासाठी खुली ठेवणे. यांपैकी तिसरे अंग दुबळे झाले की पहिल्या दोहोंची प्रतिष्ठा टिकत नाही, हे या इतिहासावरून दिसते.

२. नाव शोधणारे शास्त्र

मराठीत आर्थिक विवेचनाचा आरंभ विद्यापीठांच्या स्थापनेपूर्वीच झाला. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी टोपणनावाने 'बॉम्बे गॅझेट'मध्ये इंग्रजीतून पत्रे लिहिली आणि कंपनी सरकारच्या कारभारामुळे देशातील धन बाहेर जात असल्याचा आरोप केला. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानची प्राचीन व सांप्रतची स्थिती यांविषयी मराठीत ग्रंथ लिहिला. दादाभाई नवरोजींची संपत्ती-निःसारणाची मांडणी यानंतर सुमारे पाव शतकाने पुढे आली, हे ध्यानात घेतले म्हणजे या आरंभाचे महत्त्व कळते.

तथापि ही टीका होती, शास्त्र नव्हते. शास्त्र मराठीत आणण्याचा प्रयत्न पुढील दशकात झाला आणि त्या प्रयत्नांची नावेच उद्बोधक आहेत. लोकहितवादींच्या १८४९ मधील पुस्तकाचे नाव 'लक्ष्मीज्ञान'. हरि केशवजींच्या १८५४ मधील पुस्तकाचे नाव 'देशव्यवहारव्यवस्था'. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ मध्ये मिलच्या ग्रंथाच्या आधारे लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'अर्थशास्त्रपरिभाषा'. अवघ्या सहा वर्षांत एकाच विद्येला तीन नावे मिळाली. 'लक्ष्मीज्ञान' या नावात संपत्तीला देवतेचे रूप आहे. लक्ष्मी का रुसली आणि ती कशी प्रसन्न होईल, हा वाचकाच्या मनातील प्रश्न त्या नावात ऐकू येतो. 'देशव्यवहारव्यवस्था' या नावात देश हा एक मोठा प्रपंच आहे आणि त्याची नीट लावलेली घडी हा विषय आहे. 'अर्थशास्त्र' या नावात देवताही नाही आणि प्रपंचही नाही. तेथे केवळ एक शास्त्र आहे, आणि शास्त्र म्हटले की त्याला परिभाषा हवी. चिपळूणकरांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच परिभाषेला स्थान दिले, ही गोष्ट मला फार सूचक वाटते.

येथे आणखी एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ची संहिता त्या वेळी विद्वानांच्या हाती नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांना तिची पोथी उपलब्ध झाली, त्यांनी ती १९०९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिचे इंग्रजी भाषांतर १९१५ मध्ये बंगळूरुच्या सरकारी मुद्रणालयात छापले गेले. कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' हे प्रामुख्याने राज्याचे संपादन आणि पालन यांचे शास्त्र आहे. कौटिल्याची पोथी हाती येण्यापूर्वी अर्धे शतक मराठी लेखकाने तोच शब्द एका नव्या, युरोपीय विद्येसाठी योजला होता. जुन्या शब्दाला नवे काम देण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याला चांगली परिचित होती.

या लेखकांपैकी कोणीही व्यवसायाने अर्थशास्त्रज्ञ नव्हता. लोकहितवादी न्यायखात्यात होते, चिपळूणकर शिक्षणखात्यात. आपला वाचक मराठी जाणणारा सामान्य माणूस आहे, त्याला ही विद्या कळली तर देशाचे भले होईल, असा त्यांचा विश्वास होता. लेखक आणि वाचक यांची भाषा एकच होती. ही स्थिती पुढे राहिली नाही.

३. न्यायाधीश, शाळामास्तर आणि कौन्सिलचे सभासद

महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेले हिंदी अर्थशास्त्रावरील इंग्रजी व्याख्यान हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे. इंग्लंडातील अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना सर्व काळी लागू पडतात, हे गृहीतच त्यांनी नाकारले. स्पर्धा, भांडवलाची चलता, मजुराची स्वेच्छा यांविषयी त्या सिद्धांतांनी जे मानून घेतले आहे ते हिंदुस्थानात आढळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अर्थशास्त्रज्ञाने आपली गृहीतके आधी तपासावीत, हा व्यावसायिक धडा आपल्याकडे प्रथम एका न्यायाधीशाने दिला.

रानड्यांच्या वर्तुळातील एका व्यक्तीचा उल्लेख मात्र अधिक विस्ताराने केला पाहिजे, कारण तिचे नाव आज फारसे घेतले जात नाही. गणेश व्यंकटेश जोशी (१८५१-१९११) हे सरकारी शाळेतील शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. त्यांच्यापाशी संशोधनसंस्था नव्हती, साहाय्यक नव्हते. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके आणि पार्लमेंटच्या निळ्या पुस्तिका ते मन लावून वाचीत आणि सरकारचेच आकडे सरकारपुढे उलटे मांडीत. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील त्यांचे लेखन निनावी असे. सरकारी नोकराला नाव देऊन लिहिणे सोयीचे नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली, तिच्या तयारीत रानड्यांइतकाच जोशींच्या आकडेवारीचा हात होता.

गोखल्यांनी १९०२ मध्ये केंद्रीय कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले त्याने या शिस्तीला राजकीय व्यासपीठ मिळवून दिले. सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक उरते ही भरभराटीची खूण आहे, असे सरकारचे म्हणणे होते. लोक दुष्काळाने गांजलेले असताना शिल्लक उरते याचा अर्थ कर गरजेपेक्षा अधिक घेतला जात आहे, असे गोखल्यांनी दाखवून दिले. आकडा दोघांचाही एकच होता; अर्थ मात्र दोघांनी भिन्न लावला होता. १९०३ मध्ये मिठावरील कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. अर्थशास्त्रज्ञाचे काम आकडा मिळविण्यापाशी संपत नाही. तो आकडा कशाची खूण आहे हे ठरविण्यापाशी ते सुरू होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

या पिढीने विद्येची उंची वाढविली, पण तिची भाषा बदलली. सरकारशी वाद सरकारच्या भाषेतच करावा लागे, हे खरे. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला गेला तो याच काळात. कुणब्याच्या घराचे, त्याच्या कर्जाचे आणि त्याला नाडणाऱ्यांचे जे तपशील त्यात आहेत ते त्रैमासिकाच्या पानांवर क्वचितच दिसतात. एकीकडे आकड्यांची इंग्रजी शिस्त आणि दुसरीकडे अनुभवाची मराठी वाणी, असे दोन प्रवाह वेगळे झाले. ते पुन्हा एकत्र आणणे हे पुढील शतकाचे काम होते.

४. पिंपळे सौदागर : मोजणी आणि व्याख्या

१९१७ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच गाव निवडायचे, त्यातील प्रत्येक तुकडा, प्रत्येक कुटुंब, प्रत्येक कर्ज तपासायचे, ही पद्धत आपल्याकडे नवी होती. १७७१ मध्ये या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आणि १९१४-१५ मध्ये सुमारे सात एकरांवर आले, हे मॅन यांनी जुन्या दप्तरांच्या आधारे दाखविले. पुढे १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने त्यांनी जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

मॅन यांच्या मोजणीचे महत्त्व वादातीत आहे. परंतु जमिनीचा तुकडा किती मोठा असला म्हणजे तो 'किफायतशीर' म्हणावा? शेतकऱ्याच्या कुटुंबाचे समाधानकारक पोषण होईल इतका, असे मॅन आणि शेतकी खात्याचे अधिकारी कीटिंग मानीत होते. १९१८ मध्ये डॉ. भीमराव आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर जो निबंध लिहिला त्यात नेमक्या याच व्याख्येवर बोट ठेवले. ही व्याख्या उपभोगाच्या बाजूने केलेली आहे. शेत हा उत्पादनाचा उद्योग आहे, म्हणून त्याची किफायत उत्पादनाच्या बाजूने ठरविली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण योग्य असेल तर लहान तुकडाही किफायतशीर ठरेल. भांडवल नसेल तर मोठा तुकडाही तोट्यात जाईल. शेतीवर अवलंबून असलेले अतिरिक्त श्रम अन्यत्र गेल्याशिवाय तुकडे जोडून उपयोग नाही, म्हणून खरा उपाय औद्योगिकीकरणात आहे, हा त्यांचा निष्कर्ष.

या वादाकडे व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले तर तो आदर्शवत् वाटतो. आंबेडकरांनी मॅन यांच्या आकड्यांशी भांडण मांडले नाही. त्यांनी आकड्यामागचा शब्द तपासला. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी लेखकाच्या काही मतांशी आपले मतभेद त्या प्रस्तावनेतच नोंदविले. गुरूने मतभेद लपवायचे नाहीत आणि शिष्याने त्यामुळे प्रस्तावना नाकारायची नाही, ही रीत ज्या व्यवसायात आहे तो व्यवसाय निरोगी म्हणावा लागेल.

फर्ग्युसन महाविद्यालयातील वामन गोविंद काळे यांनी इंग्रजीत पाठ्यग्रंथ लिहिले आणि 'अर्थ' हे मराठी साप्ताहिकही चालविले. वर ज्या दोन प्रवाहांचा उल्लेख केला त्यांना जोडणारा पूल बांधण्याचा हा प्रयत्न होता.

५. गाडगीळ : संस्था आणि सहकार

१९३० मध्ये साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. येथून अर्थशास्त्रज्ञ हा पूर्ण वेळ संशोधन करणारा वेतनदार विद्वान होऊ लागला. गणेश व्यंकटेश जोशी शाळा सुटल्यावर जे एकट्याने करीत ते आता प्रशिक्षित अन्वेषकांचा संघ करू लागला. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये व दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण कोठून आला, काय कमावतो, कोणत्या घरात राहतो, हे घरोघर जाऊन विचारलेले होते. नी. वि. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्याच शहराची फेरपाहणी केली. एकदा मोजलेले पुन्हा मोजावे, म्हणजे बदल कळतो आणि पहिल्या मोजणीतील चूकही कळते, हा संस्थेने घालून दिलेला मोठा पायंडा होय.

गाडगीळांच्या कार्याचा दुसरा पैलू प्रवरानगरला दिसतो. विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी परिसरातील शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभारला. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. गाडगीळ त्या कारखान्याचे अध्यक्ष होते. केंब्रिजमध्ये शिकलेला अर्थशास्त्रज्ञ आणि औपचारिक शिक्षण फारसे नसलेला शेतकरी पुढारी यांचा हा संयोग एरवी केवळ सत्कारसमारंभांतून वर्णिला जातो. व्यवसायाच्या इतिहासात त्याचा अर्थ निराळा आहे. संचालक मंडळाच्या बैठकीत अर्थशास्त्रज्ञाला आपले म्हणणे मराठीत, ऊस पिकविणाऱ्या माणसाला पटेल अशा रीतीने मांडावे लागत होते. न पटल्यास तो माणूस समोरच बसलेला होता.

याच काळात गाडगीळ रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीवर होते. १९५१-५२ मध्ये झालेल्या त्या पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के आढळला. ज्याने सहकाराला आपले आयुष्य वाहिले त्यानेच सहकाराचे अपयश इतक्या नेमक्या आकड्यात मांडून ठेवावे, आणि त्याच अहवालात सहकार यशस्वी करण्यासाठी शासनाच्या भागीदारीची योजनाही द्यावी, यात बौद्धिक प्रामाणिकपणाची कसोटी आहे. १९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य कसे वाटावे याचे जे सूत्र १९६९ मध्ये मान्य झाले ते त्यांच्याच नावाने ओळखले गेले. त्यात ६० टक्के वाटा लोकसंख्येनुसार होता आणि उरलेला दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू मोठे प्रकल्प व राज्यांचे विशेष प्रश्न यांत प्रत्येकी १० टक्के असा विभागला होता. साहाय्य कोणाच्या मर्जीवर न राहता सर्वांना ठाऊक असलेल्या नियमावर आले. नियम चुकीचा वाटला तर त्यावर वाद घालता येतो. मर्जीवर वाद घालता येत नाही.

६. दांडेकर : रेषा आणि अनुशेष

जानेवारी १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दररोज दरमाणशी २,२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चात मिळतो तो किमान खर्च, अशी त्यांनी व्याख्या केली. १९६०-६१ च्या किमतींनुसार हा खर्च ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येत होता. ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक या मर्यादेखाली आहेत, असा निष्कर्ष निघाला. उपाय म्हणून त्यांनी सार्वजनिक कामांतून रोजगार पुरविण्याचा आग्रह धरला. त्याच सुमारास महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना आकार घेत होती; १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

या व्याख्येला सर्वांत गंभीर आव्हान एका मराठी संख्याशास्त्रज्ञानेच दिले. पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर स्वतःला काही मर्यादेत जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेला किमान गरज मानल्यास उपाशी माणसांची संख्या फुगते. दांडेकरांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याला सविस्तर उत्तरे दिली. हा वाद निर्णायकपणे मिटला असे म्हणता येणार नाही. पण त्यामुळे रेषा ही निसर्गाने आखलेली नसून माणसांनी काही गृहीतकांवर आखलेली आहे, हे सर्वांसमोर आले.

१९८३ मध्ये राज्य शासनाने प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य आदी क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे मोजून १९८४ मध्ये सुमारे ३,१८७ कोटी रुपयांची तूट दाखविली. तीत विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के व उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता. घटक जिल्हा धरावा की विभाग, यावर तीव्र वाद झाले. उर्वरित महाराष्ट्रातील जिल्हेही मागासांच्या हिशोबात आल्यामुळे विदर्भातून नाराजी व्यक्त झाली. भाषेच्या अभ्यासकाला येथे एक वेगळीच घटना दिसते. या तुटीसाठी योजलेला 'अनुशेष' हा शब्द अहवालातून विधानसभेत, तेथून वर्तमानपत्रात आणि तेथून गावोगावच्या सभांत गेला. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकरभरतीचा अनुशेष, अशी त्याची संतती वाढली. अर्थशास्त्राची एक संज्ञा न्यायाच्या मागणीचा शब्द झाली. चिपळूणकरांनी जी परिभाषा शास्त्रासाठी हवी म्हटली ती लोकांनी आपल्या हाती घेतल्याचे हे ठळक उदाहरण आहे. २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीला असमतोलाचा विचार नव्याने करावा लागला, यावरूनही त्या शब्दाचे बळ कळते.

याच्या उलट अनुभव २०११ मध्येच आला. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ मध्ये उष्मांकांच्या आधारापासून दूर जाऊन दारिद्र्यरेषेची पद्धत सुधारली होती आणि तिच्यामुळे गरिबांची संख्या पूर्वीच्या अंदाजापेक्षा अधिक ठरली होती. परंतु सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातून शहरात दररोज ३२ रुपये आणि ग्रामीण भागात २६ रुपये एवढेच दोन आकडे लोकांपर्यंत पोचले. देशभर संताप उसळला. तेंडुलकर त्यापूर्वी तीनच महिने निवर्तले होते. आपली पद्धत समजावून सांगण्यास ते नव्हते. त्या पद्धतीत दोष होते की नव्हते हा प्रश्न वेगळा. ज्यांच्याविषयी तो आकडा होता त्यांना त्यामागची व्याख्या त्यांच्या भाषेत कोणी सांगितली नव्हती, आणि व्याख्येवाचून आकडा हा अपमानासारखा भासतो. २०१४ मध्ये रंगराजन समितीने वेगळी रेषा सुचविली. पुढे नियोजन आयोगच राहिला नाही आणि १ जानेवारी २०१५ पासून त्याची जागा नीती आयोगाने घेतली.

७. समारोप

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. ज्या शिवारात मॅन यांनी सात एकरांचे तुकडे मोजले तेथे माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांची निवाससंकुले आहेत. व्हाइटफील्डशी त्याचे हे साम्य सहज डोळ्यांत भरणारे आहे. दोन्ही ठिकाणी शेतजमिनीचे मोल बदलले, पाणी विकत घेण्याची वेळ आली, दूरदूरचे लोक येऊन राहिले. आंबेडकरांनी शेतीबाहेरच्या ज्या रोजगाराची वाट दाखविली त्याचे एक रूप येथे दिसते. मात्र ज्यांची जमीन गेली आणि जे इमारतींच्या पहाऱ्यावर किंवा स्वयंपाकघरांत कामाला आहेत, त्यांचे उत्पन्न, त्यांचे घर, त्यांचे कर्ज यांची गाडगीळांच्या पुणे पाहणीसारखी घरोघर विचारपूस अशा वसाहतींना हवी आहे.

माझ्या शेजारचा तरुण या परंपरेपासून दूर आहे असे मला वाटत नाही. त्याच्या कामात व्याख्या आहे : कोणता ग्राहक कोणत्या गटात घालायचा. त्यात मोजणीही आहे, आणि ती गोखले संस्थेच्या अन्वेषकांना स्वप्नातही दिसली नसेल इतकी सूक्ष्म आहे. तिसऱ्या अंगाविषयी मी त्याला विचारले तेव्हा तो थोडा थांबला. त्याने आखलेल्या रेषा कंपनीच्या भिंतीबाहेर जात नाहीत. ज्यांच्यावर त्या लागू होतात त्यांना त्या दिसत नाहीत. मग त्यांच्यातून एखादा सुखात्मे उभा कसा राहणार? "आमच्याकडे चूक झाली तर ती आम्हालाच कळते," तो म्हणाला, "आणि कधीकधी तीही कळत नाही."

खाजगी उद्योगाने आपले सारे गणित चव्हाट्यावर मांडावे, अशी अपेक्षा येथे नाही. परंतु पावणेदोनशे वर्षांच्या या इतिहासात जे अर्थशास्त्रज्ञ समाजाच्या आदरास पात्र ठरले त्यांनी आपल्या आकड्याबरोबर आपली व्याख्याही लोकांच्या हाती दिली होती, हे विसरता येत नाही. मराठी अर्थशास्त्र परिषदेचे 'अर्थसंवाद', दांडेकरांनी स्थापिलेल्या संस्थेची 'अर्थबोधपत्रिका' यांसारख्या प्रयत्नांचे मोल या दृष्टीने मोजले पाहिजे. इंग्रजीत झालेले संशोधन मराठीत उतरवून देणे एवढाच त्यांचा उपयोग नाही. शास्त्रज्ञाला आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतात, याची आठवण ती वाचकाला करून देतात.

आजीला काय सांगायचे, या प्रश्नाचे उत्तर मी त्याला अखेर दिले. "जो माणूस किंमत ठरविण्यापूर्वी शब्दाचा अर्थ ठरवितो, आणि तो कसा ठरविला हे विचारणाऱ्याला सांगतो, तो अर्थशास्त्रज्ञ, असे सांग." त्यातला पहिला अर्धा भाग आपण करतो, असे तो म्हणाला. दुसऱ्या अर्ध्याविषयी तो काही बोलला नाही.